मदत हवी आहे: खारघर-पनवेलजवळ मातीत सायकल कुठे चालवता येईल?

अजिंक्यताऱ्याखालचा:

राम राम मंडळी. डिप्लोमा साताऱ्यात झाला, आता थेट दुसऱ्या वर्षाला खारघरच्या कॉलेजात आलोय. सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून मागवली, तिचं भाडं माझ्या तिकिटाला लाजवेल एवढं झालं. हार्डटेल आहे, म्हणजे शॉक फक्त पुढे, मागे नाही. साडेसत्तावीस इंची चाकं, पुढे १०० मिमी दबणारा फोर्क, २.१ इंच रुंद टायर, आत ट्यूब.

इथे ज्याला विचारावं तो म्हणतो, "पाम बीचला जा की." जाऊन आलो. वाशीपासून बेलापूरपर्यंत सपाट डांबर आणि उजव्या कानाजवळून सुसाट गाड्या. रोडबाइकवाल्यांना लखलाभ. मला माती हवीय, दगड हवेत, दम काढणारा चढ आणि उतरताना पोटात गोळा हवाय.

खोलीच्या खिडकीतून खारघरचा डोंगर समोरच दिसतो. चाफेवाडी-फणसवाडीकडे जाणारा रस्ता वर जातो, एवढं कळलं. पण रस्ता सोडून ज्या पायवाटा आहेत त्यांवर सायकल चालते का? कोणी अडवतं का? नकाशात पांडवकड्याच्या बाजूलाही तुटक रेघा दिसतात, त्यांचं काय? लेक्चर सव्वानऊला असतं, त्यामुळे आडवारी दीड-दोन तासांत उरकेल असं काही आणि रविवारसाठी लांबचं काही, असं दोन्ही सांगा. ओळखीचं कोणी नाही, सध्या एकटाच जाणार. येऊरबद्दलही ऐकलंय, ठाण्यापर्यंत जाणं परवडेल का?

आणि हो, पाऊस अजून पुरता गेलेला नाही. थांबू की सुरू करू?

खारघरकर_जुना:

स्वागत आहे भावा. पांडवकडा डोक्यातून काढून टाक. १०७ मीटरचा धबधबा आहे, आजवर तिथे बऱ्याच जणांनी जीव गमावलाय, म्हणून पावसाळ्यात वनखातं आणि पोलीस तिथे जाऊच देत नाहीत. तुटक रेघ बघून गेलास तर सायकलीसकट परत पाठवतील.

डोंगराचा रस्ता मात्र तुझ्या आडवारच्या वेळेत बसतो. पहाटे निघ, वर वाडीपर्यंत जा, खाली ये. डांबर असलं तरी चढ असा आहे की पहिल्याच वळणावर साताऱ्याची मस्ती उतरेल. वर गेल्यावर सपाटी आहे आणि वाड्यांच्या आसपास मातीच्या वाटा फुटतात. त्या लोकांच्या रोजच्या जायच्या-यायच्या वाटा आहेत, पाण्याचा हंडा घेऊन बाई येत असेल तर उतरून बाजूला उभं राहायचं. कधीकधी बंदोबस्त असतो आणि रस्ता बंद ठेवतात, तेव्हा हुज्जत घालू नकोस.

घाटातली_म्हैस:

सव्वानऊच्या लेक्चरला बसायचं आहेच का पण? 😄

गाढीकाठचा:

मी नेऱ्याचा, त्यामुळे माझं मत एकतर्फी समज. रविवारसाठी आमच्याकडे ये. पनवेलहून माथेरान रोड धर, सुकापूर, नेरे, मग वाजेकडे वळ. पुढे गाढेश्वरचं धरण लागतं, देहरंगही म्हणतात, पनवेलला पाणी जातं ते हेच. धरणाच्या पुढे मालडुंगे आणि शेवटी धोदाणी. उजव्या हाताला प्रबळगड, समोर माथेरानची भिंत, डावीकडे चंदेरी. धोदाणीहून पायवाट थेट माथेरानच्या सनसेट पॉइंटला चढते, पण ती चालायची आहे. सायकल खांद्यावर घ्यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

डांबर धोदाणीपर्यंत आहे. तुझ्या कामाचं आहे ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, वाड्या-वाड्यांना जोडणाऱ्या बैलगाडीच्या वाटा. दोन चाकोऱ्या, मध्ये गवत, मध्येच ओढा. ओढ्यात गोटे गोल आणि शेवाळलेले असतात, चाक तिरकं घातलंस की गेलास. सरळ घालायचं, पॅडल मारत राहायचं, ब्रेकला हात नाही.

आता पावसाचं. दसऱ्यापर्यंत थांब. चिखलामुळे म्हणत नाही, चिखल धुता येतो. आमच्याकडे आत्ता भात उभा आहे, बांध भिजून मऊ झालेत. बांधावरून एक सायकल गेली की बांध फुटतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं. शेतकरी काठी घेऊन आला तर चूक त्याची नाही. आणि गवत गुडघाभर आहे, त्यात फुरसं असलं तरी दिसत नाही. कापणी झाली की वाटा मोकळ्या होतात, जमीन टणक होते. दिवाळीनंतरचे दोन महिने सगळ्यात छान. पुढे उन्हं चढली की मुरूम भुसभुशीत होतो, वणवे लागतात, डोंगर काळे पडतात, मजा जाते.

पावसाळ्यात धरणावर आणि ओढ्यांवर बंदीचे आदेश निघतात, तेही बघून ये.

रानजाई:

गाढीकाठच्या दादांशी सहमत, फक्त एकटं जाण्याबद्दल थोडं सांगते, कारण मी बऱ्याचदा एकटी जाते. मालडुंग्याच्या पुढे फोनची रेंज येते-जाते. निघण्याआधी नकाशा ऑफलाइन उतरवून घे आणि रूममेटला सांगून ठेव की अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. नुसतं "सायकलला चाललोय" म्हणून काही होत नाही, कुठे ते सांग.

पहाटेचा खरा त्रास कुत्र्यांचा. सेक्टरातले आणि धाब्यांजवळचे. पळवायला गेलं की जास्त मागे लागतात. मी उतरते, सायकल मध्ये धरते, चालत पुढे जाते. गुमान परत जातात.

पायवाट आहे का नाही हे कळायला स्ट्राव्हा ॲपचा हीटमॅप बघ, लोक जिथून जास्त जातात ती रेघ त्यात ठळक दिसते. पण रेघ ठळक दिसली म्हणजे तिथे परवानगी आहे असं नाही. ट्रेकरही तेच ॲप वापरतात. प्रबळमाचीची वाट त्यावर चांगली उठून दिसते, पण रविवारी तिथे कलावंतिणीच्या सुळक्याला जाणारी जत्रा असते. ठाकूरवाडीहून जायचंच असेल तर मधल्या वारी जा.

उपवनचा_काठ:

येऊरचं मी सांगतो, ठाणेकर आहे. नाक्यापासून गावापर्यंतच्या डांबरावर सकाळी सायकलवाले भरपूर असतात, चढ मस्त आहे. पण रस्ता सोडून जंगलात शिरायचं नाही. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा लागू होतो, आणि बिबटे खरोखरचे आहेत. अंधार असताना तर नाकाही ओलांडू नकोस. म्हणजे मातीच हवी असेल तर त्यासाठी ठाण्यापर्यंत येण्यात अर्थ नाही. चढाच्या सरावासाठी ये.

कर्नाळ्याचं नाव कोणी सुचवलंच तर तेही अभयारण्य आहे, वाट चालणाऱ्यांची. हायवेने जाऊन परत यायला ठीक.

खारघरकर_जुना:

एक राहिलं. पनवेलकडे जाताना नकाशाने कळंबोलीहून एक्सप्रेसवेवर घातलं तर जाऊ नकोस, तिथे सायकलला बंदी आहे. अटल सेतूवरही तसंच. जुन्या हायवेने जा.

अजिंक्यताऱ्याखालचा:

सगळ्यांचे आभार, एवढं नीट कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पांडवकडा आणि येऊरचं जंगल रद्द. दसऱ्यापर्यंत खारघरच्या डोंगराचं डांबर, मग नेरे.

गाढीकाठचे दादा, टायरमध्ये मी ४५ पीएसआय हवा ठेवतो. त्या चाकोऱ्यांना जास्त होईल का? वजन ६२ किलो.

गाढीकाठचा:

खूपच जास्त. ४५ ला चाक दगडावरून उडतं, माती धरत नाही. ट्यूब आहे म्हणून ३० च्या आसपास ठेव, त्याहून फार खाली गेलास तर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतील. पुढच्याला मागच्यापेक्षा दोन-तीन कमी. जमेल तेव्हा ट्यूबलेस कर, म्हणजे ट्यूब काढून टायरमध्ये भोक बुजवणारं पातळ सीलंट घालायचं; आमच्याकडे बाभळीचे काटे कापणीनंतर वाटेवरच पडलेले असतात. सीलंट घातलेलं असलं की काटा उपसल्यावर पांढरा थेंब येतो, चाक चार फेरे फिरवायचं, बंद.

आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवतो तो भाग) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, एक जास्तीचा घेऊन ठेव. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तुझाच इथल्या दुकानात पडलेला असेल असं नाही. साताऱ्याच्या दुकानातूनच मागव, जिथून सायकल घेतलीस. ओढ्यात सायकल उजव्या अंगावर पडली की पहिला तोच वाकतो.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी सव्वासहाला नेरे नाक्यावर ये, मी आणि भाचा असू. पंप आण, आमचा भाच्याने मोडलाय.

घाटातली_म्हैस:

मीही येतो. पण सव्वासहा म्हणजे सात धरा.