५८ म्हणजे उशीर नव्हे, पण गंजाचा विचार आधी करा

दादा, ५८व्या वर्षी स्वतःच्या हातानं गाडी बांधून ट्रॅकवर चालवायची म्हणजे उशीर झाला का, असं विचारलंत. मी साठीला सुरुवात केली, फोंड्यात, घरामागच्या शेडमध्ये. अजिबात उशीर नाही.

नमुना लोटस सेव्हनचा धरा. लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनची १९५७ची गाडी: नळ्यांचा सांगाडा, वर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, बाकी जवळजवळ काही नाही. वजनच इतकं कमी, की मारुतीचं साधं इंजिनही पुरतं.

आपल्याकडे खरा त्रास दमट हवेचा. जुलैत संध्याकाळी घासून चकचकीत केलेली नळी सकाळी पाहावी तर तिच्यावर तांबूस थर! बोट फिरवलं की बोट लाल. म्हणून वेल्डिंग दिवाळीनंतरच, आणि घासलं की त्याच दिवशी प्रायमर. ब्रेक ऑइलसुद्धा हवेतलं पाणी ओढतं, उघडा राहिलेला डबा वापरूच नका. ब्रेकमधली हवा काढताना पेडल दाबायला आमची ही बसली होती. "आता घट्ट लागतंय हो" असं ती म्हणाली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

रस्त्यासाठी नोंदणीच्या मागे लागू नका, घरी बांधलेल्या गाडीला मंजुरी मिळणं फार कठीण. ट्रेलरवर घालून कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर न्या. त्याआधी डोळे आणि हृदय तपासून घ्या, आणि पहिल्या दिवशी शेजारी शिकवणारा बसवा.

सांगाड्याची मापं हवी असतील तर कळवा, माझ्या वहीत सगळी लिहून ठेवली आहेत.