लिटिगेशन ॲटर्नीच्या (खटले लढवणाऱ्या वकिलाच्या) वेबसाइटच्या पानावरचा अनुभव कसा पारखायचा? (अमेरिका)

वाटसरू_७
पुरवठा कराराच्या वादात एका छोट्या कंपनीवर अमेरिकेतल्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा लागला आहे. समन्स लागून ४ दिवस झाले. दोन वकील समोर आहेत. पहिल्याच्या पानावर '२४ वर्षांचा अनुभव, शेकडो खटले हाताळले'. दुसऱ्याच्या पानावर ११ वर्षं, फेडरल न्यायाधीशांकडे क्लर्कशिप, दोन ज्युरी ट्रायल. कंपनीत सगळ्यांचा कल पहिल्याकडे आहे. या ओळींवरून खरंच काय ठरवता येतं, आणि त्या तपासायच्या कुठे?

करारवाचक
आधी तारीख बघा. समन्स लागल्यापासून २१ दिवसांत कैफियत किंवा दावा फेटाळण्याचा अर्ज दाखल व्हावा लागतो. तुमच्याकडे १७ उरलेत. काहीच दाखल झालं नाही तर वादी डिफॉल्ट (तुम्ही उत्तर दिलं नाही म्हणून तुमच्याविरुद्ध एकतर्फी नोंद) मागतो, आणि तो उठवायला वेगळा अर्ज आणि वेगळा खर्च. बरेच वकील समोरच्याशी बोलून मुदत वाढवून घेतात, पण त्यासाठीही वकील आधी नेमलेला हवा.

आता 'हाताळले' या शब्दाबद्दल. त्याला मोजमाप नाही. नोटिशीला एक उत्तर पाठवलं तरी खटला हाताळला म्हणता येतं. फेडरल कोर्टातले दिवाणी दावे ट्रायलपर्यंत शंभरात जेमतेम एखादा पोचतो. बाकीचे अर्जावर, समरी जजमेंटवर (ट्रायल न घेता कागदपत्रांवरून दिलेल्या निकालावर) किंवा तडजोडीत संपतात. म्हणून ११ वर्षांत दोन ज्युरी ट्रायल हा आकडा लहान समजू नका.

करारातल्या वादात कस लागतो तो डिस्कव्हरीत, म्हणजे ट्रायलआधी दोन्ही बाजू एकमेकांकडून कागदपत्रं आणि जबाब मिळवतात त्या टप्प्यात. कोर्टाची परवानगी न घेता प्रत्येक बाजूला १० डिपॉझिशन (कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेले साक्षीदारांचे जबाब) मिळतात, प्रत्येक एका दिवसात ७ तासांचं. दोघांनाही विचारा: स्वतः किती घेतली, किती साक्षीदारांना तयार करून शेजारी बसलात, आणि त्यांत कंपनीच्या प्रतिनिधीची किती? या शेवटच्या प्रकाराला 'थर्टी-बी-सिक्स' म्हणतात. यात विषयांची यादी आधी मिळते, आणि त्या विषयांवर कंपनीला काय ठाऊक आहे ते गोळा करून प्रतिनिधीला तयार करायची जबाबदारी कंपनीवर असते. तयारी कच्ची राहिली की प्रतिनिधी 'माहीत नाही' म्हणत सुटतो, आणि ट्रायलमध्ये वेगळं सांगायला गेलं की समोरचा वकील तीच पानं वाचून दाखवतो. कैक चांगले बचाव इथेच ढासळलेत.

डॉकेट_डायरी
तपासायचा क्रम असा. पहिलं, राज्याच्या बारची (वकिलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची) वेबसाइट (न्यूयॉर्कमध्ये ही नोंद कोर्ट यंत्रणेकडे असते). नाव टाकलं की सनद कधीची, चालू आहे का, आणि जाहीर शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर तीही दिसते. २४ वर्षं बहुधा सनदेच्या तारखेपासून मोजलेली असतात. त्यातली १२ वर्षं करार लिहिण्यात गेली असतील तर कोर्टातला अनुभव उरलेल्यांचाच.

दुसरं, पेसर. फेडरल कोर्टांच्या या वेबसाइटवर खटल्यांचं डॉकेट, म्हणजे दाखल कागदांची आणि घडामोडींची तारीखवार यादी, मिळतं. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर. तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर माफ. वकिलाकडूनच तीन-चार खटल्यांचे क्रमांक मागून घ्या. कोर्टलिसनर या वेबसाइटवर वकिलाच्या नावाने फुकट शोधता येतं, पण तिथे सगळे खटले नसतात, त्यामुळे नाव सापडलं नाही म्हणून निष्कर्ष काढू नका. राज्य कोर्टांचे खटले पेसरवर मिळत नाहीत.

डॉकेटवर वकिलाच्या नावाखाली 'लीड ॲटर्नी' लिहिलेलं दिसेल. त्यावर विसंबू नका. एकाच पक्षकाराच्या तीन-तीन वकिलांपुढे ते असतं. 'टर्मिनेटेड' आणि पुढे तारीख असेल तर तो वकील मध्येच बाहेर पडला. ट्रायलच्या दिवसांच्या मिनिट एंट्री (कामकाजाच्या छोट्या नोंदी) उघडा: त्या दिवशी कोण हजर होतं ते तिथे सापडतं. साक्षीदार कोणी तपासला, उलटतपास कोणी घेतला, हे हवं असेल तर ट्रान्सक्रिप्ट (कामकाजाचा शब्दशः उतारा) लागतं, आणि त्याला ३ डॉलरची मर्यादा लागू नाही.

सनदशीर
क्लर्कशिप साधारण एक-दोन वर्षांची असते. न्यायाधीशांसाठी टिपणं काढणं, निकालांचे मसुदे करणं हे तिथलं काम. अशा वकिलाला अर्ज कोर्टात कसा वाचला जातो हे ठाऊक असतं, आणि समरी जजमेंटला त्याचा फार उपयोग होतो. साक्षीदारासमोर उभं राहण्याचा अनुभव त्यातून येत नाही.

पदकांच्या रांगेत अमेरिकन कॉलेज ऑफ ट्रायल लॉयर्सची फेलोशिप दिसली तर ती जरूर मोजा. निमंत्रणाशिवाय मिळत नाही, किमान १५ वर्षांचा ट्रायलचा अनुभव लागतो, आणि राज्यातल्या वकिलांच्या १ टक्क्यापलीकडे सभासद घेत नाहीत. ११ वर्षांच्या वकिलाकडे ती नसणारच, तो उणेपणा नव्हे. 'सर्टिफाइड स्पेशालिस्ट' लिहिलं असेल तर प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं ते विचारा. बहुतेक राज्यांत मान्यताप्राप्त संस्थेशिवाय असं लिहिता येत नाही.

वाटसरू_७
दुसऱ्या वकिलाची सनद शेजारच्या राज्याची आहे. अडचण येईल का?

डॉकेट_डायरी
दावा ज्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे तिथे वकिली करायला त्यांना प्रवेश आहे का ते आधी विचारा; प्रत्येक फेडरल कोर्टाचा प्रवेश वेगळा असतो. नसेल तर त्या एका खटल्यापुरती परवानगी, म्हणजे 'प्रो हॅक विचे', मागता येते. बऱ्याच कोर्टांत त्यासाठी स्थानिक वकील जोडीला लागतो, म्हणजे दोन बिलं. स्थानिक वकिलाने फक्त सही करायची की सुनावणीलाही यायचं, हे त्या कोर्टाच्या लोकल रूल्समध्ये पाहून आत्ताच ठरवा.

करारवाचक
एंगेजमेंट लेटरवर (वकील नेमण्याच्या करारपत्रावर) सही करण्याआधी एवढं त्यात लिहून घ्या: डिपॉझिशन कोण घेणार, अर्ज कोण लिहिणार, प्रत्येकाचा ताशी दर काय. प्रोफाइल पार्टनरची पाहायची आणि काम दुसऱ्या वर्षाच्या असोशिएटकडे (फर्ममधल्या कनिष्ठ वकिलाकडे) जायचं, हे सर्रास होतं. असोशिएटने मसुदा करायला हरकत नाही, उलट खर्च वाचतो. पण कंपनीच्या प्रतिनिधीशेजारी ते ७ तास कोण बसणार, त्याचं नाव पत्रात हवं.