मदत हवी आहे: पुणे–हरिहरेश्वर एका दिवसात, ओहोटीचे गणित

डिसेंबरात ताम्हिणी–माणगाव–म्हसळामार्गे सकाळी निघून रात्री परत यायचे आहे. सोबत वयस्कर माणसे आहेत. हरिहरेश्वराच्या देवळाची प्रदक्षिणेची वाट समुद्राकाठच्या खडकांवरून जाते आणि फक्त ओहोटीलाच करता येते, म्हणून आधी तिथी ठरवतोय. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. त्या हिशेबाने दशमीला भरती साडेसातला, ओहोटी पावणेदोनच्या सुमारास. वेळ सोयीची, पण ते दिवस भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे; पाणी फार मागे सरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला ते खूप ओसरते, मात्र पहाटे आणि संध्याकाळी.

दशमीला खालचे खडक पुरेसे मोकळे होतात का? ओहोटीच्या किती आधी पायऱ्या उतराव्यात? शेवाळामुळे नेमके कुठे घसरते? तीनला निघालो तर ताम्हिणी उजेडात पार होईल का?