जर्मनीत कंपनी काढायची आहे, कोणता धंदा करावा? (मदत हवी आहे, जरा तातडीचे)

अमेय_८८

नमस्कार मंडळी,
जुने धागे चाळले, पण त्यांतली माहिती शिळी वाटली म्हणून नवा काढतोय. थेट मुद्दा: आम्हाला इथे स्वतःची कंपनी काढायची आहे. भांडवल दहा-बारा हजार युरोपर्यंत. जीएमबीएचला (इथली मर्यादित जबाबदारीची कंपनी) २५ हजार लागतात असं कळलं, म्हणजे ती बाद. परदेशी माणसाने इथे नक्की कोणता व्यवसाय करावा, जो वर्षभरात पायावर उभा राहील? जर्मन बी-१ आहे, म्हणजे मध्यम पातळीचं.
कृपया "आधी बाजाराचा अभ्यास करा" असले सल्ले नकोत, ते यूट्यूबवर ढिगाने आहेत. पुढच्या महिन्यात नोटरीची वेळ घ्यायच्या विचारात आहे, तेव्हा लवकर सांगा.

राइनकाठ

धंदा ठरला नाही आणि नोटरीची वेळ? बाजारात तुरी अन्...
असो. व्हिसा कुठला? शहर कुठलं? शिक्षण, अनुभव कशातला? "आम्हाला" म्हणजे कोणाकोणाला? हे न सांगता कोण काय सांगणार?

शेखर_श्टुटगार्ट

एक दुरुस्ती. जीएमबीएचचं भांडवल २५,००० हे खरं, पण नोंदणीच्या वेळी निम्मं म्हणजे १२,५०० भरलं तरी चालतं. उरलेल्या निम्म्याची जबाबदारी मात्र भागीदारांच्या डोक्यावर राहते. तेही नको असेल तर यूजी काढा, म्हणजे जीएमबीएचचीच छोटी आवृत्ती, ती कागदोपत्री एका युरोतही निघते. फक्त दरवर्षी नफ्याचा चौथा हिस्सा बाजूला ठेवावा लागतो, भांडवल २५ हजारांपर्यंत पोचेस्तोवर.
मी २०१९ मध्ये यूजी काढली होती. नोटरी सगळा करारनामा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतो, तसा कायदाच आहे. सत्यनारायणाच्या पोथीसारखं हात जोडून बसायचं. जर्मन कळत नसेल तर दुभाष्या आणावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. प्रसाद मिळत नाही, बिल मिळतं.

डिजिटल_भटक्या

कशाला जर्मनीच्या कागदांत अडकताय? एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी, म्हणजे परदेशी माणसाला मिळणारी डिजिटल ओळख, घ्या. २०१४ पासून चालू आहे, सगळं ऑनलाइन, घरबसल्या कंपनी. नफा कंपनीतच ठेवला तर तिथे कॉर्पोरेट करच नाही, वाटप केलं तरच लागतो. मी स्वतः केलंय.

राइनकाठ

@डिजिटल_भटक्या, तुम्ही राहता कुठे?

डिजिटल_भटक्या

सध्या बालीत. का?

राइनकाठ

म्हणूनच. हे जर्मनीत राहतात. कंपनीचा कारभार जिथून चालतो तिथला फिनान्झआम्ट (कर कार्यालय) तिला आपलीच समजतो. एस्टोनियाची कंपनी जर्मनीतल्या स्वयंपाकघरातून चालवली तर कर इथलाच, वर दोन देशांचे हिशेब. आणि ई-रेसिडेन्सी म्हणजे राहायचा किंवा काम करायचा परवाना नव्हे. नावात रेसिडेन्सी आहे म्हणून लोक फसतात.

डिजिटल_भटक्या

प्रत्येक गोष्टीत खोट काढणाऱ्यांमुळेच मराठी माणूस धंद्यात मागे आहे.

कोरा_चहा

आला, "मराठी माणूस आणि धंदा" आला. दहा प्रतिसादांच्या आत आला. मी चहा ठेवतो.

अमेय_८८

अहो, मूळ प्रश्न राहिला बाजूलाच. बरं सांगतो: शहर श्टुटगार्टजवळ. माझं ब्लू कार्ड आहे, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. आता तरी धंदे सुचवा.

राइनकाठ

ब्लू कार्ड नोकरीसाठी असतं. त्यावर स्वतःचा धंदा करायला, जोडधंदा असला तरी, आउसलँडरबेहोर्डेची (परदेशी नागरिकांचं कार्यालय) वेगळी परवानगी लागते. शिवाय नोकरीच्या करारात जोडकामाचं कलम असेल, ते वाचा. कंपनीत नुसते शेअर घ्यायला हरकत नाही, पण व्यवस्थापक म्हणून सही करायला लागलात की ते काम झालं.

देशपांडे_काका

किराणा दुकान टाका. आपली माणसं वाढताहेत, डाळ-तांदूळ कुणाला चुकलाय?

मीनल_के

काका, मी चार वर्षं टाकलं होतं, म्हणून लिहिते. रविवारी दुकान बंद, कायद्यानेच. नोकरदार आपली माणसं येणार शनिवारी, तेही सगळी एकदम. भारतातून आलेल्या प्रत्येक पुड्यावर घटक आणि अ‍ॅलर्जीची माहिती जर्मनमध्ये हवी, म्हणजे रात्री बसून हजारो पुड्यांना स्टिकर. जागेचा करार पाच वर्षांचा. धंदा बुडाला तरी भाडं बुडत नाही. मी शेवटी पुढचा भाडेकरू शोधून देऊन सुटले. डाळ-तांदूळ चुकला नाही, माझंच गणित चुकलं.

नवा_गडी

मस्त धागा. मी अजून भारतात आहे. मलाही जर्मनीत कंपनी काढून तिकडे यायचं आहे. यूजी काढली तर एका युरोत व्हिसा मिळेल का?

राइनकाठ

नाही. कंपनी असणं आणि राहायचा परवाना मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वयंरोजगाराचा परवाना इथल्या निवास कायद्याच्या कलम २१ खाली मिळतो. त्या धंद्याची तिथे गरज आहे का, त्याचा अर्थव्यवस्थेला फायदा आहे का, पैसा कुठून येणार, हे सगळं पाहतात. स्थानिक व्यापारी चेंबरचंही मत घेतात. एका युरोच्या कंपनीवर कोण विश्वास ठेवणार? वेगळा धागा काढा, इथे नको.

डबेवाली_बाई

घरगुती डबे सुरू करा की! मला महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी येतात. ना नोंदणी, ना कटकट.

मीनल_के

बाई, हे असं जाहीर लिहू नका! विकायचे असतील तर गेवेर्बेची (धंद्याची) नोंदणी हवी, अन्नखात्याकडे नोंद हवी, गेझुंडहाइट्सआम्टचं (आरोग्य कार्यालय) संसर्गाबद्दलचं प्रशिक्षण हवं. घरच्या ओट्यावर, जिथे मुलांचा दूध-नाश्ता होतो, तिथे सहसा परवानगी देत नाहीत. मैत्रिणींना जेवू घालणं वेगळं, विकणं वेगळं.

डबेवाली_बाई

माझ्याकडे सगळ्या मैत्रिणीच आहेत.

शेखर_श्टुटगार्ट

धागाकर्त्यांना अजून एक. कंपनी नोंदली की आठवड्याभरात टपालाने सरकारी दिसणारी बिलं यायला लागतात. गरुडाचं चित्र, कोर्टासारखं नाव, पाचशे-सातशे युरो भरा म्हणून. त्यांतली बरीचशी फसवी. नोंदणीची माहिती सार्वजनिक असते, तिथून पत्ते उचलतात. मी एक भरलं होतं, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

कोरा_चहा

आता कळलं तिला.

सौ_पूर्वा

एक विचारू का? अमेय, तुम्ही "आम्हाला" लिहिलंय, नोकरी तर तुमची चालू आहे. मग कंपनी चालवणार कोण?

अमेय_८८

बायको चालवणार. हे उघड आहे असं वाटलं म्हणून लिहिलं नाही. ती दोन वर्षं घरीच आहे, इथे नोकरी मिळत नाही. म्हटलं कंपनी काढून देऊ तिला.

सौ_पूर्वा

"काढून देऊ." बरं. मग तिचं कार्ड बघा. ब्लू कार्डधारकाची जोडीदार म्हणून आली असेल तर सोबतच्या कागदावर किंवा कार्डावर "एरवेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट" असं लिहिलेलं असेल. म्हणजे कमाईचं कुठलंही काम, नोकरी असो की स्वतःचा धंदा. तिला आउसलँडरबेहोर्डेकडे वेगळं विचारायचीही गरज नाही. वर जी अर्धी चर्चा झाली ती सगळी तुमच्या कार्डावर, आणि धंदा मात्र तिचा!
आणि ती शिकलीय काय?

अमेय_८८

हो, अगदी हेच लिहिलंय कार्डावर. आत्ता पाहिलं.
ती बीएएमएस आहे. तिकडे सहा वर्षं प्रॅक्टिस. पण इथे ती डिग्री चालत नाही म्हणून ते लिहिलंच नाही.

राइनकाठ

पंचवीस प्रतिसादांनंतर! अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

देशपांडे_काका

मग प्रश्नच मिटला! आयुर्वेदिक क्लिनिक. जर्मन लोक आयुर्वेदासाठी वेडे आहेत.

वैद्य_इन_विदेश

काका, थांबा, हा माझा प्रांत आहे. इथे रोगावर उपचार मुख्यतः दोघेच करू शकतात: मान्यताप्राप्त डॉक्टर किंवा हाइलप्राक्टिकर, म्हणजे डॉक्टर नसलेला पण परवाना मिळालेला उपचारक. तो कायदा १९३९ चा आहे. बीएएमएसला इथे डॉक्टर म्हणून मान्यता नाही. हाइलप्राक्टिकर व्हायचं तर गेझुंडहाइट्सआम्टची परीक्षा: लेखीला ६० प्रश्न, त्यांतले ४५ बरोबर हवेत, मग तोंडी. सगळं जर्मनमध्ये. बी-१ वर तोंडी परीक्षेत तोंड उघडणं अवघड. मी सी-१ नंतर दिली, दुसऱ्या खेपेला पास झालो.
तोवर "वेलनेस" म्हणून अभ्यंग करता येतं, गेवेर्बे नोंदवून. पण वेबसाइटवर "पाठदुखी बरी होते" असं एक वाक्य लिहिलं की वकिलाचं पत्र येतं, त्याला आपमानुंग म्हणतात. नाव अगदी चपखल आहे. अपमान होतो आणि वर त्याच्या फीचं बिलही आपणच भरायचं. माझ्या एका ओळखीच्या बाईंना फक्त "डिटॉक्स" या शब्दासाठी आलं होतं.

सौ_पूर्वा

वहिनींनाच लिहू द्या ना एकदा. त्यांना काय करायचंय?

अमेय_८८ (मी अमेयची बायको, त्याच्याच आयडीवरून लिहितेय)

नमस्कार. सगळं वाचलं. मला कंपनी नको होती, हे मी घरी तीनदा सांगितलं आहे. मला नोटरी नको, यूजी नको, दुकान तर अजिबात नको.
मी तिकडे योगशिक्षिकेचा कोर्सही केला होता. इथल्या बालवाडीतल्या चार आयांना गेले पाच महिने पार्कमध्ये शिकवतेय, फुकट. आता थंडीत हॉल लागेल, त्या म्हणाल्या पैसे देतो. मला एवढंच कळायला हवंय की ते पैसे मी घेऊ शकते का, आणि घेतले तर काय भरायचं. हाइलप्राक्टिकर पुढे बघू, आधी भाषा.

सौ_पूर्वा

वा! हा खरा प्रश्न. शिकवणं हा इथे फ्रायबेरुफ (स्वतंत्र पेशा) धरला जातो, म्हणजे गेवेर्बेची नोंदणीसुद्धा नाही. थेट फिनान्झआम्टला कळवायचं, एल्स्टरवर (करखात्याचं ऑनलाइन पोर्टल) एक लांबलचक प्रश्नावली असते, काम सुरू केल्यापासून महिन्याच्या आत भरायची. मग करक्रमांक येतो, तो आल्याशिवाय बिलं देऊ नका. आधीच्या वर्षीची उलाढाल २५ हजारांच्या आत असेल तर छोट्या उद्योजकांच्या नियमाखाली व्हॅट लावावा लागत नाही. २०२५ पासूनची ही मर्यादा आहे, आधी २२ हजार होती. सुरुवातीला प्रश्नावलीत अंदाजे उलाढाल विचारतात, तिथे ताजमहाल बांधू नका.

राइनकाठ

आणि दोन खड्डे. एक, आरोग्यविमा. तुम्ही अमेयच्या सरकारी विम्यात कुटुंब म्हणून असाल तर उत्पन्नाला मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती महिन्याला ५३५ युरो होती, दरवर्षी बदलते. आणि कमाई कमी असली तरी स्वतःचं काम हाच मुख्य व्यवसाय आहे असं क्रांकेनकासेने (आरोग्यविमा संस्था) ठरवलं की कौटुंबिक विमा गेला. मग स्वतःचा हप्ता, कमीत कमी दोनशे युरोच्या वरच. तास किती ते आधी लिहून विचारा, उत्तरही लेखी घ्या.
दुसरा, स्वतंत्र शिक्षकांना सरकारी पेन्शनचा हप्ता सक्तीचा आहे, कमाई मिनीजॉबच्या (छोट्या, कमी पगाराच्या नोकरीच्या) मर्यादेपुढे गेली आणि हाताखाली नोकर नसला तर. १८.६ टक्के. हे योगवाल्यांना पाच-सहा वर्षांनी एकदम मागच्या हप्त्यांचं पत्र आल्यावर कळतं.

वैद्य_इन_विदेश

वेबसाइट केलीत तर इम्प्रेसुम, म्हणजे साइट कोणाची ते सांगणारं पान, टाका, नाव-पत्त्यासकट. आणि अपघात झाला तर म्हणून व्यावसायिक दायित्व विमाही. चार आया असल्या तरी मान कुणाचीही लचकते.

डिजिटल_भटक्या

योगा ऑनलाइन शिकवला तर एस्टोनियाच्या कंपनीतून...

राइनकाठ

नको.

अमेय_८८ (पुन्हा मीच, बायको)

सगळ्यांचे आभार. आठवड्याला दोन वर्ग, एकेक तासाचे. चौघींचे मिळून महिन्याला पाचशेच्या बरेच आत बसतात, म्हणजे सध्या विमा जात नाही असं दिसतंय. क्रांकेनकासेला आज पत्र लिहिते. हॉलसाठी चर्चच्या सभागृहाचं विचारलंय. अमेयला नोटरीचा विचार सोडायला सांगितलाय.

अमेय_८८

सोडला. पण दहा हजार तसेच आहेत, त्यांचं काय करू?

मीनल_के

दुकान सोडून काहीही.

देशपांडे_काका

ताई, वर्ग कधीपासून? मी एस्लिंगनला असतो. माझी पाठ फार दुखते, तुमच्या योगाने बरी होईल ना?

वैद्य_इन_विदेश

ताई, याला "हो" असं लेखी उत्तर देऊ नका. आपमानुंग येईल.