मदत हवी आहे: अर्धा इंची आटे, १२ की १३?

नाशिकला सातपूरमध्ये छोटं वर्कशॉप आहे. जुना इंग्लिश लेथ घेतलाय, त्याच्या टूलपोस्टचा (कापायचं हत्यार धरणाऱ्या भागाचा) बोल्ट तुटला. तुकडा बाहेर निघाला, जेमतेम १५ मिमी. व्हर्नियरवर १२.६ भरतो, म्हणजे अर्धा इंचच (१२.७), आटे घासलेत एवढंच. एम १२ (१२ मिमीचा) बोल्ट भोकात खुळखुळतो.

घोळ पीचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) आहे. अर्धा इंची व्हिटवर्थला (जुने इंग्लिश आटे) इंचाला १२ आटे (२.११७ मिमी, कोन ५५ अंश), यूएनसीला (अमेरिकन आटे) १३ (१.९५४ मिमी, ६० अंश). माझं पीच गेज फक्त मिमीचं, २.० चं पातं दोन्हींच्या मधलं, त्यामुळे काहीच कळत नाही. १५ मिमीत सात आटे की साडेसात, हे घासलेल्या तुकड्यावर मोजणार कसं? डोकं आधीच गायब, म्हणून पान्याच्या मापाचाही आधार नाही. यूएनसी बोल्ट लावून पाहिला, दोन फेऱ्यांत अडकला. जोर लावला नाही, भोक बिडात (ओतीव लोखंडात) आहे!

भोक मोठं करून नवे आटे पाडायचे नाहीत, तो सल्ला कृपया नको.

यूएनसी अडकला एवढ्यावरून व्हिटवर्थ पक्कं धरू का, की आधी आणखी काही तपासावं? आणि अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्ट सातपूर-अंबडमध्ये सुटा कुठे मिळेल?