मदत हवी आहे: यादीतली कोणती पुस्तकं नवी घ्यावीत, कोणती जुनी चालतील?

निळी_शाई:

मंडळी, पुढच्या सत्राची पुस्तकांची यादी आली आहे. सगळी नवी घेणं परवडणारं नाही. ‘सेकंडहँड घे’ हे सगळेच सांगतात, पण कोणत्या विषयाला जुनं चालतं आणि कुठे ते अंगाशी येतं, हे कोणी सांगत नाही.

कॅल्क्युलसची आधीची आवृत्ती एक सिनियर ताई देते आहे. चाळून पाहिली, प्रकरणांचा क्रम तोच आहे. पण गृहपाठ ‘उदाहरण अमुक ते तमुक’ असा मिळतो आणि नव्या आवृत्तीत नेमके तेच क्रमांक इकडचे तिकडे केलेले असतात म्हणे. (डेरिव्हेटिव्ह काढायची रीत काही आवृत्तीगणिक बदलत नाही. मग बदलायला उरतं काय, तर क्रमांक!)

संख्याशास्त्राला ऑनलाइन स्वाध्यायाचा अ‍ॅक्सेस कोड लागतो. सूक्ष्म अर्थशास्त्र आणि करकायदा यांचं काय करावं, ते कळत नाही. पायरेटेड पीडीएफचे दुवे कृपया देऊ नका, ते नको आहेत.

पोटमाळा:

करकायदा चालू वर्षाचाच घ्या. तिथे दर आणि सवलतींच्या मर्यादा बदलत राहतात, जुनं पुस्तक चुकीचं उत्तर शिकवतं. बाकी तीन विषयांत वाचवा.

कॅल्क्युलसची जुनी प्रत बिनधास्त घ्या. गृहपाठापुरती पानं लायब्ररीतल्या नव्या प्रतीवरून उतरवायची. नेमलेल्या पुस्तकाची एखादी राखीव प्रत बहुतेक लायब्ररीत असते. ती घरी मिळत नाही, तिथेच बसून वाचायची. तेवढ्या वेळात उदाहरणं आरामात उतरवून होतात. आणि मुखपृष्ठ बदललं म्हणजे आवृत्ती बदलली असं नव्हे, कधीकधी ते नुसतं पुनर्मुद्रण असतं. आतलं पान उघडून बघा.

जुना_वाचक:

कोडबद्दल सांगतो, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच बुडतात. हे कोड सहसा एकदाच चालतात. जुन्या पुस्तकातला कोड आधीच्या मालकाने वापरलेला असणार असं धरूनच चाला. म्हणून आधी सरांना किंवा मॅडमना सरळ विचारा: ऑनलाइन स्वाध्यायाला गुण आहेत का? नसतील तर कोड घेऊच नका. असतील तर कोड सुटा मिळतो का बघा, बऱ्याचदा त्यात ई-पुस्तकही येतं, मग छापील प्रत कशाला?

मागवताना नावावर जाऊ नका, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) जुळवा. नुसतं पुस्तक आणि कोडसह संच यांचे क्रमांक वेगळे असतात. 2007 पासून हा क्रमांक 13 अंकी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर 10 अंकी दिसेल. सुट्या पानांची आवृत्ती स्वस्त पडते, पण पुढे विकायला गेलात तर कोणी हात लावत नाही.

पोटमाळा:

एक राहिलंच. ओपनस्टॅक्स बघितलंत का? राईस विद्यापीठाचा उपक्रम आहे, 2012 पासून पुस्तकं काढतात, पीडीएफ फुकट आणि पूर्ण कायदेशीर. कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, सूक्ष्म अर्थशास्त्र तिन्ही आहेत. भाषा इंग्रजी, पण सोपी. अर्थशास्त्राला तुमच्या जागी मी आधी तेच वाचलं असतं आणि अडलं तरच नेमलेलं पुस्तक घेतलं असतं.

निळी_शाई:

दोघांचेही आभार. गुणांचं डोक्यातच आलं नव्हतं, वर्ग सुरू झाला की पहिलं तेच विचारते. तोवर कोड घेत नाही. ताईची कॅल्क्युलसची प्रत घेतली, करकायदा नवा घेईन.

आता एकच शंका उरली आहे. अर्थशास्त्राचं ई-पुस्तक सत्रापुरतं भाड्याने मिळतं आहे. पण मुदत संपली की त्यात केलेल्या खुणा आणि टिपणंही जातात का? पुढच्या वर्षी याच विषयाचा दुसरा भाग आहे, तेव्हा ती लागतील. कोणी असं भाड्याने घेतलं असेल तर सांगा.