समुद्रातल्या पवनचक्क्या: मच्छीमाराला कधी विचारायचं?

गोदाकाठ (पैठण): गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या पवनचक्क्या उभारायला केंद्राने २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. समुद्र आपल्यापासून लांब, मान्य. पण आमचं घर जायकवाडी धरणाच्या नाथसागरात जाळं टाकून चालतं, म्हणून बातमी वाचली की पहिलं हेच मनात येतं: खांब कुठे रोवायचे हे ठरायच्या आधी तिथल्या मच्छीमाराला विचारा. नकाशा छापून झाल्यावर सुनावणी घेणं म्हणजे अक्षता पडल्यावर पोरीची पसंती विचारणं.

लातूरकर: विचारा की, कोण नाही म्हणतंय! पण एकेकाची सही गोळा करत बसलात तर दहा वर्षं जातील. परळीचं औष्णिक केंद्र २०१५ ला पाण्याविना बंद पडलं होतं, विसरलात? दुसऱ्या वर्षी आम्ही रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलो. पवनचक्कीला पाणी लागत नाही, भाऊ. मासेमारीचं नुकसान झालं तर भरपाई द्या, विषय संपला.

गोदाकाठ: भरपाई कुणाला? होडीचा मालक कागदावर सापडतो. जाळं ओढणारा गडी आणि टोपली घेऊन बसणारी बाई कुठं सापडायची? शिवाय हा नुसता दयेचा मामला नाही. तळाशी जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरला खांब दिसतो, तळावर उघडी पडलेली विजेची केबल दिसत नाही. जाळं कुठं अडकतं हे त्यालाच ठाऊक. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर खांबांमध्ये एकेक सागरी मैल अंतर ठेवायचं ठरलं, ते मच्छीमारांनी रेटा लावला म्हणूनच.

नांदेडचा वाचक: अर्धंच सांगितलंत. त्यांच्या संघटनेनं बोटींना जायला चार मैल रुंद वाटा मागितल्या होत्या, त्या नाही मिळाल्या. आणि आपल्याकडं? जायकवाडीवरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्ध मासेमारी करणाऱ्या कहार समाजाची समिती आधी हरित लवादात हरली, मग मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात. बैठकीत बसवलं म्हणजे ऐकलं असं होत नाही.

लातूरकर: म्हणूनच म्हणतो, मुदत घाला. सहा महिने ऐका, मग काम सुरू.

गोदाकाठ: सहा महिने चालतील. फक्त बैठका मासेमारी बंदीच्या दिवसांत घ्या: गुजरातेत जून-जुलै, तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिलपासून ६१ दिवस. भर हंगामात सकाळी अकराला बोलावलंत तर खुर्च्यांवर फक्त साहेब दिसतील, ज्यांना विचारायचं ते पाण्यावर असतील.